दाम हलका, कापड नाही

गेल्या महिन्यात प्रकाशकांचा फोन आला. म्हणजे त्यांच्या मुलाचा. ते स्वतः आता नाहीत. "काका, पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय. मागच्या कव्हरवर लेखकाचा फोटो आणि चार ओळींचा परिचय टाकू. तेवढं पाठवून द्या."

मी बरं म्हटलं आणि लिहायला बसलो. जन्म आणि शिक्षण एका ओळीत संपलं. श्रीरामपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, ही दुसरी ओळ. तिसरीत बायको-मुलं आली. चौथी ओळ पुस्तकाबद्दल लिहायची होती, ती काही लिहिता येईना. कारण ते पुस्तक मी लिहिलेलं नाही.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे. माझं वय अठ्ठ्याहत्तर. बायकोला सांगायचं सांगायचं म्हणून राहून गेलं आणि ती गेली. आता लांबवण्यात अर्थ नाही.

पुस्तक तसं लहानसं आहे. निळ्या कव्हरचं, रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांचं. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कसा वापरायचा. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांतून ते वर्षानुवर्षं चाललं, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरही मिळायचं. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, कव्हरवरचं नाव मात्र माझंच राहिलं. ते नाव तिथं नको होतं. तिथं हवं होतं शांतवन पाटोळे हे नाव.

पाटोळे सर आमच्या शाळेत माझ्या आधी सात-आठ वर्षं लागलेले. उंच, सडपातळ, मान जराशी पुढं. सायकल होती त्यांच्याकडे, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं. हॅंडल धरून चालायचे. सायकलवर बसलं की रस्त्यातल्या माणसाशी बोलणं होत नाही, असं म्हणायचे. घरून शाळेत यायला इतरांना दहा मिनिटं लागत, त्यांना पाऊण तास. त्या पाऊण तासात पंक्चरवाल्यापासून चर्चच्या माळ्यापर्यंत सगळ्यांना "सलाम" घालून व्हायचा, आणि खिशात दोन-तीन कार्डं भरलेली असायची.

ही कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. लग्नसराई संपली की उरलेल्या पत्रिका लोक त्यांना आणून देत. एका बाजूला सोनेरी गणपती आणि वधू-वरांची नावं, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर सर इंग्रजी शब्द लिहीत. एकदा मी सहज एक कार्ड उलटून पाहिलं तर पुढं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि मागं 'क्वारल', म्हणजे भांडण. मी दाखवलं तर सर म्हणाले, "ह्या दोघांचं बरं चाललंय हो. मी चौकशी केली."

वर्गात त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा: "हे कोण म्हणतं?"

मी नवा होतो तेव्हा एकदा त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहून ऐकत होतो. एका मुलानं वाक्य म्हटलं, "धिस इज अ काऊ."

"हे कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

"कुणाला म्हणतोस?"

"दोस्ताला."

"गाय कुठं आहे?"

"म्होरं हुबी हाय."

"दोस्त आंधळा आहे का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तुझा दोस्त गाय बघतोय, तूही बघतोयस. मग तू त्याला काय सांगशील?" मुलानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाजूला हो, मारकी हाय." सरांनी लगेच फळ्यावर त्याचं इंग्रजी लिहून दिलं. ते वाक्य त्या वर्गातलं कुणी विसरलं नसेल.

सरांचं म्हणणं असं की शब्दाचा अर्थ कळला म्हणजे शब्द आला असं होत नाही. तो कुणी, कुणाला, कुठं उभं राहून वापरायचा हे कळलं पाहिजे. आणि ते पुस्तकात बसून कळत नाही, माणसांत जावं लागतं. म्हणून त्यांच्या प्रत्येक कार्डावर एक तरी वाक्य गावातल्या जिवंत माणसाचं असायचं. मराठीत तो माणूस काय बोलला ते वर, त्याच्याखाली इंग्रजी, आणि कोपऱ्यात नाव: 'रहीमभाई, बेकरी'. 'ताराबाई, रेल्वे फाटकाजवळ'. एवढ्यावर काम संपायचं नाही. पुढच्या भेटीत सर ते कार्ड त्या माणसाला वाचून दाखवत. इंग्रजीसुद्धा वाचत, मग मराठीत समजावत. "तुम्ही असंच म्हणाला होतात ना?" माणूस हो म्हणाला की त्याच्याच हातानं कार्डावर खूण करून घेत. खूण नसलेलं कार्ड पक्कं धरायचं नाही, हा त्यांचा नियम. मी त्यांना म्हणायचो, "सर, रहीमभाईंना इंग्रजी कुठं येतं? ते काय तपासणार?" ते म्हणायचे, "वाक्य त्यांचं आहे. त्यांना न विचारता मी ते दुसऱ्याच्या तोंडी कसं देऊ?"

तेव्हा मला हा विक्षिप्तपणा वाटायचा.

'चीप' या शब्दाची गोष्ट आमच्या शाळेच्या तपासणीपासून सुरू झाली. तपासणीचे साहेब पाटोळे सरांच्या वर्गात आले, बरोबर मुख्याध्यापक आणि मी. सकाळीच ऑफिसात चहा घेताना त्यांनी खिशातलं पेन आम्हाला दाखवलं होतं, मेहुण्यानं परदेशातून आणलेलं. तेच पेन त्यांनी वर्गात वर धरलं आणि म्हणाले, यावर एक वाक्य करा. पोरं नेहमीची वाक्यं करू लागली. मग सुमन नावाची मुलगी उठली. ती खर्ड्याकडची. आई-बाप दर हंगामाला ऊसतोडीला इकडच्या कारखान्यावर यायचे, ही मावशीकडे राहून शिकायची. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, युवर पेन इज व्हेरी चीप."

साहेबांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. पाटोळे सरांनी शांतपणे विचारलं, "सुमन, हे कोण म्हणतं?"

"मी म्हनते, सर."

"का म्हणतेस?"

"पेन लई भारी हाय. आन् सायबांनी सवस्तात आनलं आसंल. सायेब हुशार हायेत."

सर साहेबांकडे वळले. "साहेब, चूक तिची नाही. मी तिला अर्थ सांगितला होता, स्वस्त. तिच्या घरात एखादी वस्तू स्वस्तात मिळाली तर ज्यानं आणली त्याचं कौतुक होतं. ती तुमचं कौतुक करतेय."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. शेऱ्यात 'इंग्रजी विषयाकडे लक्ष द्यावे' असं आलं.

संध्याकाळी मी सरांना म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? डिक्शनरीत दोन अर्थ दिलेत. कमी किमतीचं, आणि कमी दर्जाचं. दोन्ही लिहून टाका."

"डिक्शनरीनं अर्थ दिला, जोशी. अर्थ तर सुमनलाही येत होता."

मग कितीतरी महिने 'चीप'चं कार्ड कोरं राहिलं. सर चहाच्या टपरीवर, चपलांच्या दुकानात, जिथं तिथं स्वस्त या शब्दाच्या मागं लागले. बाजाराच्या दिवशी मला ओढून नेत. अशाच एका बाजारात आम्हाला मालनबाई भेटल्या. त्या कटपिसं विकायच्या. ताडपत्रीवर कापडाचे ढीग आणि मोजायला लोखंडी गज. पन्नाशीच्या असतील. कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा.

"बाई, हे कापड स्वस्त आहे का?" सरांनी विचारलं.

"घ्यायचंय का इचारायचंय?"

"विचारायचंय."

"मंग तिकडं पोत्यावर बसा. गिऱ्हाईकाची वाट आडवू नका."

सर खरंच पोत्यावर बसले. मी त्यांची सायकल धरून उभा, आणि आपल्याला शाळेतलं कुणी पाहत तर नाही ना, याकडे माझं लक्ष. अर्ध्या तासानं एक बाई आली, ब्लाउजपीस हातात घेऊन म्हणाली, "येवढं स्वस्त कसं काय वो? हलकं आसंल."

"दाम हलका हाय, माय. कापड हलकं न्हाई. वढून बघ." मालनबाईंनी कापडाची दोन टोकं तिच्या हातात दिली.

सर पोत्यावरून उठलेच. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः स्वस्त म्हणाला नाहीत."

"मी कशाला म्हनू? गिऱ्हाईकानं म्हनावं. इकनाऱ्यानं स्वस्त म्हनलं का मानूस खोट हुडकाया लागतं. मी म्हनते, परवडंल तुला, घेऊन जा."

"आणि गिऱ्हाईकानं म्हटलं तर?"

"त्यानं गावभर सांगावं की, मालनीकडं स्वस्त भेटलं. मला काय राग न्हाई." मग त्या गजानं ढीग नीट करता करता म्हणाल्या, "पर येक हाय, मास्तर. दुसऱ्याच्या आंगावरल्या कापडाला कुनी स्वस्त म्हनू ने. मंग ते माझ्याकडूनच का नेलेलं आसंना."

सरांनी घरी जाऊन कार्ड लिहिलं. माझ्या आठवणीप्रमाणे ते असं होतं: 'चीप. आपण घेतलेल्या वस्तूला आपण म्हणावं, आनंदानं. विकणाऱ्यानं म्हणू नये. त्याला ॲफोर्डेबल हा शब्द आहे, परवडणारं. दुसऱ्याच्या वस्तूला म्हणू नये, माणसाला तर कधीच नाही.' त्याच्याखाली दुसरा शब्द: 'इनएक्सपेन्सिव्ह. दाम हलका आहे, कापड हलकं नाही, असं सांगायचं असेल तेव्हा.' कोपऱ्यात, 'मालनबाई, कटपीसवाल्या'.

पुढच्या बाजारी ते वाचून दाखवायला गेले. मालनबाईंनी हातातलं काम थांबवून ऐकलं.

"ह्ये पोरास्नी शिकवनार?"

"हो."

"मंग लिवा, वढून बघायला सांगते म्हनून. नुसतं तोंडानं सांगून कोन इश्वास ठेवतंय."

सरांनी तेही लिहिलं. मालनबाईंना सही येत नव्हती. कापडावर खूण करायचा निळा खडू होता, त्यानं त्यांनी कार्डावर एक रेघ ओढली. सर ते कार्ड रुमालात गुंडाळून घेऊन आले, रेघ पुसू नये म्हणून.

अशी हजारावर कार्डं झाली. त्यांचं पुस्तक व्हावं ही कल्पना माझी, हे मात्र खरं. पण त्या वर्षी सरांच्या पत्नी दवाखान्यात होत्या, आणि शाळा सुटली की सर तिकडं जात. ते मला म्हणाले, "जोशी, तुमचं अक्षर चांगलं आहे, चार माणसांत बोलताही येतं. तुम्ही उतरवून काढा आणि नगरला जाऊन या." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेली कार्डं त्यांनी माझ्या घरी आणून दिली. मी सहा महिने बसून ती वह्यांत उतरवली. पुस्तकात माझं काम तेवढंच, अक्षराचं.

नगरच्या प्रकाशकांनी वह्या चाळल्या. माणूस जाणता होता, त्यांना पुस्तक आवडलं. "पण ही नावं काढा," ते म्हणाले. "रहीमभाई, मालनबाई, यांना श्रीरामपूरबाहेर कोण ओळखतं? राम, सीता, मोहन असं काहीतरी घाला. आणि प्रत्येक शब्दाला इतका पसारा नको. एका शब्दाला एक ओळ."

मी मान डोलावली.

"लेखक म्हणून कुणाचं नाव?"

"पाटोळे सर म्हणून आमचे सहकारी आहेत. शब्द त्यांनी जमवलेत."

त्यांनी वही मिटली. "हे बघा, मी कुणाला कमी लेखत नाही. पण धंद्याचं सांगतो. इंग्रजीच्या पुस्तकावर जोशी असलं की मास्तर लोक उघडूनसुद्धा बघत नाहीत, घेतात. पाटोळे म्हटलं की विचारणार, कोण पाटोळे? त्यांना आत आभारात घेऊ. वर तुमचं टाकू ना?"

मी म्हणालो, "टाका."

एवढ्या वर्षांत मी हे प्रकाशकांच्या माथी मारून पाहिलं. त्यांनीच सुचवलं, पुस्तक खपावं म्हणून केलं, सर नाहीतरी नावाचे भुकेले नव्हते. सगळं मनाशी बोलून झालं. पण खरं असं आहे की ते बोलायच्या आधीच एसटीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात कव्हरवर माझं नाव पाहिलं होतं. आणि आडनावाबद्दल ते जे बोलले, ते ऐकून मला धक्का बसला नाही. मला ते बरोबर वाटलं. रोज ज्या माणसाच्या शेजारी बसून मी डबा खात होतो, ज्याच्याकडून शिकवायला शिकलो, त्याच्या नावाची किंमत माझ्या मनातही कमीच होती. मला आज सर्वांत जास्त लाज वाटते ती याची.

पुस्तक आलं. आभाराचं पान छपाईच्या फर्म्यात बसेना म्हणून तेही गळालं होतं. पहिली प्रत मी सरांना नेऊन दिली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी कव्हर बघितलं. फार वेळ नाही बघितलं. मग आत 'सी' अक्षर काढलं, पान शोधलं. तिथं एक ओळ होती: 'चीप, म्हणजे स्वस्त. राम म्हणाला, हे कापड स्वस्त आहे.'

"मालनबाईंना वाचून दाखवलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग उद्या बाजार आहे. जाऊ."

माझ्या नावाबद्दल ते काही बोलतील याची मी तयारी करून गेलो होतो. काय काय उत्तरं द्यायची तेही ठरलं होतं. त्यांतलं एकही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सरांनी पुस्तक उघडून ती ओळ वाचली, नेहमीसारखी, सावकाश. मालनबाईंनी ऐकून घेतलं.

"ह्यो राम कोन?"

"उदाहरणातला आहे, बाई."

"त्याला काय घ्यायचंय?"

"काही नाही."

"मंग आलाय कशाला?" शेजारचा चपलावाला हसला. मालनबाई नाही हसल्या. "माझं कुटं गेलं, मास्तर? वढून बघायचं?"

मी खाली कापडाकडे बघत होतो. सर म्हणाले, "छापताना जागा कमी पडली, बाई. राहून गेलं."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाईकाकडे वळल्या.

सरांना खोटं बोलताना मी ऐकलं ते त्या एकदाच. सायकल धरून आम्ही परत आलो. वाटेत तीन माणसांना त्यांनी सलाम घातला.

सर कुठलंही पुस्तक हातात आलं की त्याला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि वर ठळक अक्षरांत पुस्तकाचं नाव लिहीत, खाली लेखकाचं. स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटात या पुस्तकाची प्रत मी नंतर पाहिली. खाकी कव्हर होतं, पुस्तकाचं नाव होतं. त्याखालची जागा मोकळी होती.

त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं असतं, भांडले असते, तर मला सोपं गेलं असतं. तसं काही झालं नाही. डबा एकत्र, बाजार एकत्र. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला ते होते. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा हार त्यांनीच घातला. फक्त एक बदल झाला. त्यांनी नवीन कार्डं मला दाखवणं थांबवलं. खिशात असायची; मी दिसलो की ते खिशावर हात ठेवत.

सरांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची मुलगी रूथ संगमनेरला नर्स होती, आता तीही निवृत्त झाली. प्रकाशकांच्या फोननंतर दोन दिवसांनी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "आईला माहीत होतं. मलाही. पप्पा कधी बोलले नाहीत, पण कार्डांचे डबे तुमच्याकडून परत आले तेव्हा ते पप्पांनी तुमच्यादेखत मोजून घेतले होते, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आता आठवतं.

मी विचारलं, कार्डं आहेत का? म्हणाली, "आहेत. सगळी." म्हटलं, नवी आवृत्ती मूळ कार्डांवरून करायची आहे, माणसांच्या नावांसकट, आणि कव्हरवर शांतवन पाटोळे. ती कार्डं घेऊन जाऊ का? ती म्हणाली, "काका, इथं येऊन बसा, हवं तेवढं उतरवून घ्या. चहा-जेवण करीन. पण घराबाहेर नेऊ देणार नाही. एकदा नेली होती."

म्हणून आता आठवड्यातून दोनदा मी संगमनेरची एसटी धरतो. रूथ समोर भाजी निवडत बसते आणि मी उतरवतो. अक्षर पूर्वीचं राहिलं नाही. 'चीप'च्या कार्डावरची निळी रेघ फिकी झाली आहे, पण आहे. प्रकाशकांचा मुलगा म्हणतो, "काका, आता या वयात हे कशाला? पुस्तक तुमच्या नावानं चालतंय." मी त्याला लेखी कळवलं आहे की माझ्या नावानं एकही प्रत यापुढं निघणार नाही. तो मानेल असं दिसतंय. नाही मानलं तर हे लिहिलेलं तरी राहील. हे पुस्तक शांतवन पाटोळे यांचं आहे. मी ते उतरवून काढलं, मोडलं, आणि आपलं म्हणून मिरवलं.

आता सरांना मी शेवटचं पाहिलं त्या दिवसाबद्दल.

ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पत्नी केव्हाच गेलेल्या. पडवीत बसून आसपासच्या मुलींना इंग्रजी शिकवत. दुपारी चारच्या सुमारास मी गेलो तेव्हा सतरंजीवर सहा-सात मुली होत्या आणि प्रत्येकीपुढं ते निळं पुस्तक. सर खुर्चीत. नजर अधू झाली होती, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"या, जोशी." मग मुलींकडे वळून म्हणाले, "उभ्या राहा. तुमच्या पुस्तकावर ज्यांचं नाव आहे ना, ते हे."

मुली उठल्या. "नमस्कार, सर."

त्यांनी 'लेखक' म्हटलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, मुलींच्या येणं शक्य नव्हतं. सरांच्या मनात टोचायचं होतं, की खोटं न बोलता माझा मान ठेवायचा होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही सांगता येत नाही. मी खुर्चीवर बसलो. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर, एक विचारू? 'चीप'ला तुम्ही एकच ओळ का दिली? पाटोळे सर तर केवढं सांगतात."

सर माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझा आवाज जिथून येईल तिकडे तोंड करून थांबले होते. एवढी चांगली संधी मला दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "सगळंच पुस्तकात दिलं तर तुमच्या सरांना काम काय उरेल?"

मुली हसल्या. सरही हसले, थोडेसे. मला सभेत बोलायची सवय होती, असली उत्तरं मला पटकन सुचत.

मी चहा घेतला. निघताना त्या मुलीचं पुस्तक सहज हातात घेऊन चाळलं. 'चीप'च्या पानावर, छापलेल्या ओळीखालच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीनं बारीक अक्षरांत सगळं कार्ड उतरवलेलं होतं. आपण घेतलेल्या वस्तूला म्हणावं, विकणाऱ्यानं म्हणू नये, ओढून बघायला सांगावं, सगळं. ओळी वाकड्या गेल्या होत्या, एकीवर एक चढल्या होत्या. शेवटी 'मालनबाई, कटपीसवाल्या'. मालनबाई जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली असतील. मी दुसऱ्या मुलीचं पुस्तक मागितलं. त्यातही तेच होतं, त्याच पेन्सिलीनं. बाकीची मी मागितली नाहीत.

मी पायऱ्या उतरलो, चपला घातल्या आणि एकदा मागं वळून पाहिलं. एक नवीन मुलगी आली होती, तिचं पुस्तक कोरं होतं. सरांनी ते मांडीवर घेतलं होतं, नाक कागदाला टेकेल इतकं जवळ, आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ते पहिला शब्द लिहीत होते.